चौथ्या चाकाचं क्लिअर

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक चाक घासलं. चारचाकीचं, अलॉयचं, टायर काढलेलं. ती शेडच्या दारात पाण्याच्या टाकीपाशी गोणपाटावर बसली होती, चाक पुढ्यात उताणं, आणि मी मगानं वरून पाणी सोडत होतो. पाणी सोडणं हे माझ्यासारख्या उतावळ्या माणसाचं काम नव्हे. धार बारीक झाली तरी ती बोलायची, मोठी झाली तरी बोलायची.

"आवं, चाक धुताय का म्हस?"

"तू घास गप."

"घासतेच हाये. माझा कागुद वाहून चाललाय."

कागद म्हणजे वॉटर पेपर, पाण्यात भिजवून घासायचा काळा कागद. आधी जाड लावायचा, मग त्याचे ओरखडे काढायला बारीक, मग त्याहून बारीक. शेवटचा कागद इतका बारीक की हाताला कागद आहे हे कळतच नाही. तो फिरला की चाक सगळीकडं सारखं पांढरं, मऊ दिसायला लागतं. त्याच्यावर क्लिअर मारायचं. क्लिअर म्हणजे बिनरंगाची लाख. ती नसली तर चाकाची चमक एका पावसाळ्याचीही नाही.

तुळशीची लग्नं नुकतीच लागली होती. ऊन होतं पण टाकीचं पाणी गार. तिची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. मी म्हणालो, "थांब जरा, चहा घेऊ."

"येवढी दांडी झाली का घेऊ."

चाकाला पाच दांड्या होत्या. चारांवर बारीक कागद फिरून झाला होता. पाचवीवर अजून जाड कागदाचे ओरखडे होते. मी घाई करत होतो. आमच्याकडं तेव्हा लाईट दिवसातनं किती तरी तास जायची आणि लाईट नसली की कॉम्प्रेसर नाही, कॉम्प्रेसर नसला की क्लिअर फवारायची गन नाही. घासलेलं चाक त्याच दिवशी क्लिअरखाली गेलं पाहिजे. फार तर रात्रभर दम धरतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडं राहिलं तर वरती बुरशीसारखं काहीतरी धरतं आणि सगळं पुन्हा जाड कागदापासून घासावं लागतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते ह्यापायीच झालं.

आमची शेड पुणे-नाशिक रोडला, नारायणगावच्या अलीकडं. पत्र्याची, तीन बाजूंनी बंद, आणि मागं दोन खोल्यांचं घर. मूळ मी राजुरीचा. भावाभावांत जमीन वाटली तेव्हा माझ्या वाट्याला जेवढी आली तेवढ्यात एक म्हैस उभी राहिली असती, वळली नसती. चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेनं मला, ते आता कुणाला आठवत नाही. ट्रॅक्टरची बॉनेटं रंगवायला शिकलो, तेच करत राहिलो. तळेघरकडच्या जीपा यायच्या, लाल चिखलानं सडलेल्या. पत्रा ठोकायचा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, रंग मारायचा. ह्या कामात बायको लागत नाही. ती घरचं बघायची आणि दुसऱ्याच्या टोमॅटोत खुडायला जायची.

नव्वदच्या पुढं ह्या भागात टोमॅटोला आणि द्राक्षाला पैसा आला. आधी जीपा आल्या, मग बसक्या गाड्या, आणि त्यांच्या पायात ही चकचकीत चाकं. तेव्हा त्यांना मॅग म्हणायचे. पहिलं मॅग माझ्याकडं आलं ते एका बागाईतदाराचं. त्याची लाख पोपडे धरून उडाली होती. त्यानं विचारलं, जमेल का? मी म्हणालो, न जमायला काय झालं.

लोखंडावरचा जुना रंग काढायला मी ड्रममध्ये कॉस्टिक सोड्याचं पाणी करायचो. रात्रभर बुडवलं की सकाळी रंग सालीसारखा निघतो. मॅग तसंच सोडलं ड्रममध्ये. ती काठीनं ढवळायला आली. बघता बघता पाणी खदाखदा उकळायला लागलं. खाली जाळ नाही, काही नाही, आणि वर वाफ. आम्ही दोघं मागं सरलो. काठीनं चाक बाहेर काढलं तर ते तव्यासारखं काळं.

ती जवळ गेली, वाकून बघितलं, नखानं खरवडलं आणि म्हणाली, "आवं, ह्ये तर जर्मन हाये."

आमच्याकडं ॲल्युमिनच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. जर्मनच्या पातेल्यात सोडा घातला की पातेलं काळं पडतं, हे बाईमाणसाला माहीत असतं.

"मग आधी का नाय बोललीस?"

"काळं पडल्यावर वळखलं. आदी चमकत व्हतं, मला काय म्हाईत."

"तुझ्या घरात धा पातेली हायेत जर्मनची."

"त्यातलं येक तरी गाडीला लावलंय का तुमी?"

ते काळं चाक तिनं घासायला घेतलं. मला वाटलं तास दोन तास घासेल आणि सोडून देईल. ती टोमॅटोत जायची बंद झाली आणि चाकाला लागली. मी लोखंडवाला माणूस, जोर लावून घासतो. माझ्या हाताखाली जर्मनला खड्डे पडायचे. तिचा हात वरच्यावर चालायचा, दांडीच्या लांबीनं, एकाच दिशेला. गोल फिरवला कागद की उन्हात चकरा दिसतात, म्हणायची. चाक पांढरं झालं. बागाईतदाराला आम्ही सोड्याचं काही सांगितलं नाही. त्यानं दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तेव्हापासून बॉनेटं माझी आणि चाकं दोघांची.

पुढं नवीनच प्रकार दिसायला लागला. चाकाला कुठं दगड लागून लाख फुटली की तिथनं पाणी आत शिरतं आणि लाखेच्या खालून पांढऱ्या नागमोडी रेघा चालत जातात. वरून हात लावला तर गुळगुळीत, रेघा आत. गिऱ्हाईक म्हणायचं, वरून पॉलिश मारून जाईल का? मला समजावून सांगता यायचं नाही, मी चिडायचो. तिनं एकदा ती रेघ बघितली आणि म्हणाली, "ही नागअळी हाये."

टोमॅटोच्या पानात जी अळी शिरते आणि आतून पान खात वाकडीतिकडी पांढरी वाट करत जाते, ती नागअळी. सगळा मुलूख टोमॅटोवाल्यांचा. त्यानंतर कुणी विचारलं की ती एवढंच म्हणायची, "भाऊ, नागअळी पडलीय. वरून फवारून काय उपेग? पान खुडूनच टाकाय पायजे." माणूस मान हलवायचा आणि चाकं ठेवून जायचा. माझा वाद वाचायचा.

आणखी एक तिचंच. क्लिअर मारायच्या दिवशी ती डोक्याला तेल लावायची नाही. खोबरेलाचा एक थेंब, नुसता तेलकट हातसुद्धा चाकाला लागला तर क्लिअर तिथं बसत नाही, फाटतं, आणि बारके बारके गोल डोळे पडतात. एकदा असे डोळे पडले तेव्हा मी तिला लई बोललो होतो आणि तीही मला लई बोलली होती. पण त्यानंतर क्लिअरच्या दिवशी तिचे केस कोरडे. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, "का गं, कुनाचं सुतक हाये?" कारण आमच्यात कोरडे केस म्हणजे घरात कुणी तरी गेलेलं. ती म्हणायची, "चाकाचं."

तर त्या दिवशी तिचे केस कोरडेच होते.

गाडी मंचरच्या एका शेठची होती. किराणा-भुसारचं दुकान, घराणं मारवाडातलं, पण दोन पिढ्या इथं. मराठी आमच्यापेक्षा नीट बोलायचे. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरदेव ज्या गाडीतनं यायचा तिची चाकं नागअळीनं भरलेली. चारही आमच्याकडं टाकली होती आणि गाडी जुन्या लोखंडी चाकांवर फिरत होती. तीन चाकं होऊन भिंतीला टेकवून ठेवलेली. चौथं हे.

पाचव्या दांडीवर तिनं बारीक कागद टेकवला आणि तसाच धरून ठेवला. मी पाणी सोडत होतो. म्हटलं, "झोप लागली का?"

"दम लागल्यागत व्हतंय. वाईच बसते."

"बसलेलीच हायेस की."

हे मी हसत बोललो. तीही हसली. मग कागद टाकीच्या काठावर ठेवला, हात पदराला पुसले आणि शेडच्या आत जाऊन खांबाला पाठ लावून बसली. मी म्हणालो, चहा मीच ठेवतो. चहा ठेवायला घरात गेलो, आधण आलं, साखर टाकली. दोन कप घेऊन आलो तर ती एका बाजूला कलली होती. हाक मारली. रस्त्यावर जाऊन टोमॅटोचा टेम्पो आडवा घातला. तिला टेम्पोत घेतलं, पण दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी तिचा डोळा उघडून बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, वाटेत नाही, आधीच. म्हणजे शेडमध्येच. म्हणजे मी साखर टाकत असताना.

ह्याच्यावर मी लिहीत नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

संध्याकाळच्या आत सगळे जमले. राजुरीहून माझा थोरला चुलतभाऊ आणि म्हातारी चुलती, लोणीहून तिचा धाकटा भाऊ, आणि आमची लेक तिच्या सासरहून. बायकांनी तिला अंगणात न्हाऊ घालायला घेतलं. सवाशीण गेली म्हणून हिरवं लुगडं, हळद, कुंकू. मी दारात उभा होतो. बसता येत नव्हतं. कुणी पाट दिला की त्यावर टेकायचो आणि परत उठायचो. चुलतीनं खोबरेलाची बाटली तळहातावर उपडी केली आणि तिच्या डोक्याकडं हात नेला.

मी म्हणालो, "तेल नका लावू. आज क्लिअरचा दिवस हाये."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. लेक रडत होती ती थांबली. चुलती म्हणाली, "ह्याला कुनीतरी आत न्या रं." मेव्हण्यानं माझा दंड धरला. तेल लावलंच. लावायलाच पाहिजे, ते मलाही कळतं. पण मी बोललो ते खुळ्यासारखं नव्हतो बोललो. चौथं चाक तसंच टाकीपाशी उघडं पडलं होतं.

ओढ्याकाठी उरकून आलो तोवर दिवस मावळला होता. मग दिव्याचं निघालं. माणसाचा जीव जिथं जातो तिथं आमच्यात दिवा ठेवतात. जमिनीवर पीठ पसरायचं, त्यात दिवा, वरून पाटी, म्हणजे टोपली, पालथी घालायची. दिवा दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नाही. पिठात कशाचं पाऊल उमटतं ते बघून म्हातारी माणसं सांगतात, जीव कुठं गेला. चुलतीनं विचारलं, "नेमकी कुटं बसली व्हती?"

मी शेडमधला खांब दाखवला.

त्या खांबापासून गन चार हातांवर. थिनरचे डबे पाच हातांवर. क्लिअर मारताना शेडमध्ये थिनरचा वास असा कोंडतो की आम्ही बिडी ओढणाऱ्या माणसाला रस्त्याच्या पलीकडं उभं करायचो. आणि पीठ. क्लिअरचा धुळीइतका वैरी कुणी नाही, आणि ह्यांनी माझ्या शेडमध्ये चाळणीनं पीठ पसरलं. थिनरचे डबे उचलून घरामागं नेऊन ठेवले. तेवढं करायला मिळालं म्हणून बरं वाटलं, हाताला काम झालं.

शेठ आले. बाहेर चपला काढून खाली बसले. म्हणाले, "भाऊ, चाकांचं मनात आणू नका. तीन झालीत तेवढी पुढं मागं लावतो, एक लोखंडी राहू दे. कोण खाली वाकून बघतंय?" चांगला माणूस. त्यांना वाटलं मी लग्नाची काळजी करतोय.

मी म्हणालो, "शेठ, चाक तिनं घासलंय."

"हो ना. म्हणून तर म्हणतो, राहू द्या."

त्यांना कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही. आता सांगतो. तिचं शिवणटिपण नव्हतं, विणकाम नव्हतं. तिनं रांधलेलं आम्ही खाल्लं, ते संपलं. आधीच्या चाकांवर तिचा हात आहे, पण ती चाकं लोकांच्या गाड्यांखाली कुठल्या कुठं पळतायत. हे एक चाक होतं ज्यावर तिचा त्याच दिवसाचा हात होता. उद्या दुपारपर्यंत क्लिअर बसलं तर तो हात लाखेखाली राहणार. नाही बसलं तर सुतक फिटल्यावर मलाच जाड कागद घेऊन तो खरवडून काढावा लागणार. मीच. माझ्या ह्या जोरकस हातानं. बाकी काय आहे आणि काय नाही ते मला कळत नाही, पण हे मला नको होतं.

चाक मी गोधडीत गुंडाळून घरात घेतलं. चुलतभाऊ बघत होता. म्हणाला, "झोप आता."

झोपलो नाही. रात्र गेली.

उजाडायच्या सुमाराला गोधडी उघडली. दव आत गेलं नव्हतं. चार दांड्या पांढऱ्या मऊ, काल होत्या तशा. काठावर एके ठिकाणी बोटाएवढा डाग धरायला लागला होता. पाचवीवर जाड ओरखडे. लाईट होती. दिवस वर आला की ती जाणार, आणि दिवस वर आल्याशिवाय क्लिअर मारता येत नाही. गारठ्यात आणि दवात मारलं तर लाख दुधासारखी पांढरट धरते. म्हणजे आता हवा भरून ठेवायची आणि ऊन चढल्यावर मारायचं. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा राहते तेवढी.

पण कॉम्प्रेसर शेडमध्ये, दिव्याजवळ. त्याच्या पट्ट्याचा पंखा सुरू झाला तर पाटीखाली वारा शिरून दिवा विझणार. मी तो एकट्यानं बाहेर ओढायला लागलो. त्याची चाकं कधीच तुटलेली, खाली विटा. वीट सरकली, मोठा आवाज झाला, आणि सगळं घर जागं झालं.

चुलतभाऊ धोतर सावरत बाहेर आला. "काय चाललंय?"

"कॉम्प्रेसर बाहेर काढतोय."

"आज?"

"आजच काढाया पायजे."

"आरं, घरात चूल नाय पेटली कालपास्नं. आन् तू मशीन चालू करनार? लोक काय म्हनतील?"

"ते चाक लोकांचं नाय."

"तुला शेठनं सांगितलं ना राहू दे म्हणून? मग कुणासाठी चाललंय ह्ये?"

मी ओढत राहिलो. ओढताना खांबाजवळनं जायला लागत होतं आणि पीठ पायाखाली येईल म्हणून मला वळसा घ्यावा लागत होता. तेवढ्यात मेव्हणा उठून आला. लोणीचा माणूस, दुष्काळी भागातला, बोलणं कमी. त्यानं कॉम्प्रेसरची दुसरी बाजू धरली आणि म्हणाला, "दाजी, उचला. ओढू नका."

चुलतभाऊ त्याला म्हणाला, "पावणं, तुमी तरी समजावा."

"काय समजावू? काल आक्काला उचलली तवा तुमी व्हता ना? आक्काच्या नखांत काळिख व्हती चाकाची. न्हाऊ घातली तरी निघाली नाय."

चुलतभाऊ वाटेतनं बाजूला सरला. चुलती आतनं म्हणाली, "दिव्याला धक्का लावू नका म्हंजे झालं." ती तिची परवानगी होती की नव्हती, मी विचारत बसलो नाही.

कॉम्प्रेसर अंगणाच्या पार टोकाला, रस्त्याच्या कडेला नेला. लेकीनं वायर लांब करून दिली. बटण दाबलं आणि तो धडधडायला लागला. मयत झालेल्या घरात असला आवाज आजवर कुणी ऐकला नसेल. रस्त्यानं भेटायला येणारी दोन माणसं लांबच थांबली, घर चुकलं की काय म्हणून. काटा वर चढेपर्यंत मी त्याच्याजवळ उभा राहिलो. बंद केल्यावर सगळ्यांनी श्वास सोडला.

मग ऊन चढायची वाट. तोवर पाचवी दांडी. टाकीच्या काठावर तिचा बारीक कागद रात्रभर दवात पडला होता, भिजून मऊ झालेला. तो घेतला. लेक म्हणाली, "आबा, पाणी मी घालते." ती मगानं धार धरायला लागली, आणि तिची धार एकसारखी पडत होती. मी दांडीच्या लांबीनं, एकाच दिशेला, जोर न लावता घासायला लागलो. जोर न लावणं मला जमत नाही. मनगट आपोआप दाबतं. लेक म्हणाली, "आबा, आई अशी नव्हती घासत."

"म्हाईत हाये मला."

"कोपरातनं घासायची."

कोपरातनं घासलं. जरा बरं. काठावरच्या डागावर चार हात फिरवले. शेवटी पाचवी दांडी चारांसारखी झाली का? नाही झाली. जवळनं बघितलं तर वेगळी दिसते. मी तशीच ठेवली. पुन्हा पुन्हा घासत बसलो असतो तर ऊन गेलं असतं आणि लाईटही.

चाक धुतलं. कोरडं केलं. थिनरच्या फडक्यानं पुसलं आणि त्यानंतर कुणाला हात लावू दिला नाही. अंगणातल्या शेवग्याच्या फांदीला तार बांधली, चाक तिला अडकवलं. वारा नव्हता. मेव्हण्यानं खालनं काठी लावून चाक हलणार नाही असं धरलं, तोंड फिरवून. गन भरली. पहिला हात अगदी झिरझिरीत, नुसता धुक्यासारखा, कारण पहिलाच हात जाड दिला तर तो ओघळतो. चाक ओलं दिसायला लागलं. ओलं झालं की आतलं सगळं दिसतं. तिच्या चार दांड्यांच्या बारीक रेघा सगळ्या एका बाजूला गेलेल्या. पाचवीच्या वाकड्या.

अंगणात बायका बसल्या होत्या, पुरुष बसले होते. थिनरच्या वासानं दोघी पदर नाकाला लावून उठून गेल्या. चुलतभाऊ खाटेवरनं म्हणाला, "झालं का तुझं?"

"अजून येक हात."

"मग मार की. का थांबलास?"

"पयला वाळाय पायजे."

तो उठून आला आणि चाकाकडं बघत उभा राहिला. बोट पुढं केलं. मी त्याचं मनगट धरलं. तो म्हणाला, "लावत नाय रं, दाखवतोय. चिलट बसतंय तिथं." खरंच चिलटं यायला लागली होती. ओल्या क्लिअरवर चिलट बसलं की ते तिथंच कायमचं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि चाकापासनं हातभर लांब धरून वारा घालायला लागला. हळू, धूळ उडणार नाही असा. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

लाईट गेली. कॉम्प्रेसरच्या टाकीत एका हातापुरती हवा होती. पहिला हात बोटाला चिकटेनासा झाला असेल असं वाटल्यावर मी दुसरा मारला, वरून खाली, मागून पुढं, कडा आधी आणि दांड्या मग. शेवटाला हवा कमी पडून गन थुंकायला लागणार हे कानाला कळतं, त्याच्या आत हात आखडला.

मग मी तिथनं हललो नाही. लेकीनं दोनदा हाक मारली, चूळ भरा म्हणून. चुलतभाऊ टोपीनं वारा घालत होता. त्याचा हात दुखला तेव्हा टोपी मी घेतली. उन्हाची तिरीप चाकावरनं सरकून भिंतीवर गेली तेव्हा मी चाकाच्या मागच्या बाजूला, जिथं दिसत नाही तिथं, बोट टेकवून बघितलं. बोट कोरडं निघालं. टोपी चुलतभावाला दिली, गनमध्ये थिनर ओतून ती धुतली, आणि अंघोळीला गेलो.